डागाची बाजू वर

अक्का गोधडी उलटी शिवायची. म्हणजे लोक म्हणायचे, उलटी. सगळीकडे बायका फाटकं, डागाळलेलं कापड गोधडीच्या पोटात भरतात आणि त्यातल्या त्यात बरं दिसणारं वर लावतात. अक्काचं नेमकं याच्या विरुद्ध. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, बिनडागाचं सुती कापड ती अंगाकडच्या बाजूला लावायची, आणि केळीच्या चिकाने काळे डाग पडलेले तुकडे वर, चारचौघांना दिसतील असे. गल्लीत नवी आलेली एखादी सून म्हणायची, "अक्का, अहो ही उलटी झाली की!" अक्का सुई न थांबवता म्हणायची, "उलटी नाई व बाई. चांगलं कापड आंगाले. डाग लोकायले."

गोधडीचं नाव काढलं की लोक लगेच मायेची ऊब वगैरे बोलायला लागतात, आवाज मऊ करतात. मला असलं ऐकलं की तिडीक येते. अक्काच्या गोधडीत ऊब होती, नाही कशाला म्हणू, माघातली थंडी आम्ही तिच्यातच काढली. पण उबेपेक्षा तिच्यात ताठा जास्त होता. ती गोधडी अंगावर घेऊन कोणी हळवं झालेलं मला आठवत नाही. भांडायला तयार झालेले बरेच आठवतात, त्यात मीही आले.

आमचं गाव तापीच्या अलीकडे, रावेरच्या बाजूचं. केळीचे मळे ज्यांचे, ते वरच्या आळीत आणि त्या मळ्यांत राबणारे आम्ही खालच्या गल्लीत. अक्काचं घर आमच्या दारासमोर. नातं काही नव्हतं, पण ती आणि माझी आई एकाच टोळीत कामाला जायच्या. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायची, वाळकी पानं काढायची, कापणीच्या दिवसांत घड वाहून बांधापर्यंत आणायचे. बायका साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवून निघायच्या. अक्काचा नवरा लवकर गेला, पण त्याचे शर्ट ती पुढे कितीतरी वर्षं कामावर घालत होती. "मानूस गेला, शर्ट काबरं वाया घालू?" म्हणायची.

केळीचा चीक ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ओला असतो तेव्हा तो पाण्यासारखा असतो, अंगावर उडाला तरी कळत नाही. घरी येऊन कापड धुतलं की मग उमटतो. आधी तपकिरी, दोन-चार धुण्यांनंतर काळा. लिंबू चोळा, रॉकेल लावा, कापड विरतं पण डाग हलत नाही. आमच्या गल्लीतली पोरं शाळेत लांबून ओळखू यायची ती या डागांवरून, कारण आई-बापाच्या शर्टातूनच आमचे कपडे बेतलेले असायचे. मला त्या डागांची भयंकर लाज वाटायची. वर्गात मी दप्तर पोटाशी धरून बसायची, का, तर फ्रॉकवरचा डाग झाकायला.

अक्काला लाज हा प्रकारच ठाऊक नव्हता. एकदा वरच्या आळीतल्या एका लग्नात आमच्या टोळीचा मुकादम पंगतीत सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "अक्का, लग्नाले तरी बिनडागाचं नेसायचं व्हतं!" चार माणसं हसली. अक्काने पत्रावळीवरचं बोट चाटलं आणि म्हणाली, "डाग तुह्या मालकाच्या केळीचा हाये. तू धुईसन पाह्य." आता हसायची पाळी बाकीच्यांची होती. त्या दिवसापासून "धुईसन पाह्य", म्हणजे धुऊन बघ, हे तिचं ठरलेलं उत्तर झालं. कोणी डागाबद्दल बोललं, जातीबद्दल बोललं, तिच्या एकटं राहण्याबद्दल बोललं, की अक्का एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

गोधडी ती कधी परसात बसून शिवायची नाही. रस्त्याकडच्या ओट्यावर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागेल अशी पसरून. चार कोपऱ्यांवर चार दगड. जुन्या लुगड्याचं अस्तर खाली, त्यावर फाटक्या कापडाचे थर, त्यावर डागांचे तुकडे एकाला एक खेटून. मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं, गोल गोल, मध्यापर्यंत. ती स्वतः गोधडीवरच बसायची आणि शिवत शिवत सरकायची. दोऱ्याला मेण लावायला मेणबत्तीचा तुकडा कमरेला, दोन सुया अंबाड्यात. टाका एवढा बारीक की माझी आई म्हणायची, हिने टाका घातला की मुंगीलासुद्धा वाट राहत नाही.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून एक बाई एकदा रिक्षा करून आल्या होत्या. शिंप्याकडच्या कोऱ्या चिंध्यांची पिशवीच आणली होती, रंगीबेरंगी, कडक. म्हणाल्या, "मला अगदी गावाकडची गोधडी हवी. फक्त ते डाग तेवढे नकोत." अक्काने पिशवीत हात घातला, एक चिंधी काढली, बोटांनी चुरगाळून पाहिली आणि परत ठेवली. "ताई, हे कापड कोनी घातलंच नाई अजून. आधी घालजा, फाडजा, मग आनजा." बाई रागावून गेल्या. आई म्हणाली, अगं शिवून द्यायची होतीस, काय बिघडलं असतं? अक्का म्हणाली, "डाग नको तर गावाकडची काबरं म्हनते?"

आता माझी गोष्ट. ती सांगायची म्हणजे माझी मलाच चपराक आहे, पण सांगते.

मी डी.एड. झाले आणि माझं लग्न धुळ्याला ठरलं. सासरे कचेरीतून निवृत्त झालेले, घर पक्कं, सासूबाई टापटिपीच्या. लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं होतं, लोकरीची फुलं, काचेची बशी, मण्यांची गाय. आणि सगळ्यांच्या मधोमध अक्काने स्वतः आणून ठेवली तिची गोधडी. डागाची बाजू वर. अख्ख्या मांडवातून ती नजरेत भरत होती. मी हळूच जाऊन तिच्यावर टेबलक्लॉथ टाकला. थोड्या वेळाने पाहते तर टेबलक्लॉथ घडी करून बाजूला ठेवलेला आणि अक्का तिथेच मांडी घालून बसलेली.

धुळ्याला गेल्यावर ती गोधडी मी माळ्यावर टाकली. पण मनातून जाईना. कधी तरी सासूबाईंच्या हाती लागेल, विचारतील, हे डाग कसले? मग मी काय सांगू, की माझी आई लोकांच्या मळ्यात घड वाहते? त्यांना ते माहीत होतं हो! सोयरीक करताना सगळं बोलणं झालं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यासमोर पसरलेलं असणं वेगळं, असं माझं तेव्हाचं शहाणपण. एक दिवस सासूबाई शिंदखेड्याला बहिणीकडे गेल्या होत्या. मी गच्चीवर टब भरला, त्यात ब्लीचिंग पावडर ओतली, चांगली सढळ हाताने, आणि गोधडी बुडवून ठेवली. सकाळपासून दुपारपर्यंत.

बाहेर काढली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. निळे पट्टे गेलेले, हिरवी फुलं गेलेली, लाल काठ गेलेला. सगळी गोधडी पांढरीफटक. आणि त्या पांढऱ्यावर केळीचे डाग जसेच्या तसे, आधी नव्हते एवढे ठळक. शिंतोडा न् शिंतोडा मोजता यावा असे. मी केळीच्या पट्ट्यातली पोर, जन्मापासून तो चीक पाहत आलेली, आणि मी तो धुऊन काढायला निघाले होते! दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीच हसले असते. तशीच वाळवली आणि परत माळ्यावर कोंबली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला आई आली, तिच्याबरोबर अक्काही आली. एस.टी.तून उतरल्या उतरल्या पाणी पिऊन अक्काने विचारलं, "सुनी, माही गोधडी कुठी हाये?" मी म्हटलं, ठेवलीय वर. म्हणाली, "काढ." मी टाळाटाळ केली तर ही बया स्वतः स्टूल घेऊन चढायला निघाली. शेवटी काढून दिली.

अक्काने ती पलंगावर पसरली. बराच वेळ हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता तोंड सुटणार. पण आवाज अगदी शांत. म्हणाली, "फुलं गेली, पट्टे गेले. हे राह्यले ना?" मी मान खाली घातली. मग तिने घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुह्या लेकराले मी गोधडी नाई शिवत, सुनी. जिले डागाची लाज वाटते तिच्या घरी माह्या हातची एक पुरे."

बाहेरच्यांना याचं गांभीर्य कळायचं नाही. आमच्या गल्लीत अक्काच्या गोधडीशिवाय एकही पोर निजलं नव्हतं. दारुड्याचं असो, भांडकुदळ बाईचं असो, बारशाच्या दिवशी तिची हातभर गोधडी पाळण्यात पडायचीच. मी स्वतः तिच्याच गोधडीवर वाढले होते. म्हणजे तिने मला गल्लीतूनच वजा केलं होतं. मी रात्री खूप रडले आणि सकाळी उठून मनाशी म्हटलं, नको तर नको. दुकानात काय कमी दुपटी मिळतात?

बाळंतपणाला मी माहेरी आले. समोरच्या ओट्यावर अक्का रोज शिवायला बसायची, मी आमच्या दारात बसायची. ती माझ्या खाण्यापिण्याची चौकशी करायची, मेथीचे लाडू आणून द्यायची, रात्री आईबरोबर जागायलाही यायची. पण माझ्या बाळासाठी तिने सुईत दोरा ओवला नाही. आई तिच्या पाया पडली, म्हणाली, पोरीचं चुकलं, ती माफी मागेल. अक्का म्हणाली, "मले माफी नको. माफी काय पांघरता येते?" मग काय हवंय तुला, असं आईने चिडून विचारलं. "तिनं मान वर करावी, बास," अक्का म्हणाली.

मला मुलगी झाली. बारा दिवस ती दुकानातल्या दुपट्यात निजली. मऊ होतं, गुलाबी होतं, त्यावर अस्वलं होती. पण पाळण्याकडे पाहिलं की मला काही तरी चोरून आणल्यासारखं वाटायचं.

बारशाला धुळ्याहून जीप भरून माणसं आली. आईने वरच्या आळीतून नवी कोरी सतरंजी मागून आणली होती, दारात अंथरली होती. सासूबाई जीपमधून उतरत होत्या. समोर अक्का ओट्यावर कोणाचं तरी काम घेऊन बसली होती, मान खाली. आणि मला काय झालं कोण जाणे. म्हणजे मला माहीत आहे काय झालं. आई त्या मागून आणलेल्या सतरंजीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होती, आणि तिच्या अंगावर तोच डागांचा शर्ट होता, सकाळी ती अर्धा रोज भरून आली होती नातीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा. पाहुणे आलेले दिसले तशी ती शर्ट काढायला घाईघाईने आत पळाली. माझ्या आईला मी पळायला लावलं होतं.

मी उठले, पेटी उघडली. धुळ्याहून येताना ती पांढरीफटक गोधडी मी पेटीच्या तळाशी घातली होती, का घातली होती ते मलाही सांगता आलं नसतं. ती घेऊन बाहेर आले. सतरंजी ओढून गुंडाळली, भिंतीला लावली. आणि भर दारात, रस्त्याकडे तोंड करून, गोधडी पसरली. डागाची बाजू वर.

सासूबाई उंबऱ्यापाशी थबकल्या. "हाई काय शे व?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठा डागच डाग शेतस. पाहुणास्नी आठे बसानं का?"

बारा दिवसांची बाळंतीण मी. पण आवाज लागला तो असा लागला की शेजारच्या चार घरांत ऐकू गेला. "केळीचे डाग आहेत. माझ्या आईच्या शर्टाचे आहेत आणि समोर बसलीय त्या अक्काच्या शर्टाचे आहेत. याच कामावर मी शिकले, याच कामावर माझं लग्न झालं. मी लाजून धुवायला गेले होते, ब्लीचिंग पावडर घालून. जात नाहीत. बसायचं त्यांनी बसा, नाही त्यांना खुर्ची आहे."

सासरे पुढे झाले, चपला काढल्या, धोतर सावरून गोधडीच्या मधोमध बसले आणि म्हणाले, "चहा टाका." त्यांच्यामागे बाकीचे बसले. सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि जेवणं होईपर्यंत खुर्चीवरच राहिल्या. बसोत बापड्या. आई आतून आली ती शर्ट न काढताच, चहाचा ट्रे घेऊन. अक्काने समोरून एकदाही मान वर केली नाही, पण तिच्या हातातली सुई थांबली होती, ते मी पाहिलं.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी ती आली. मला वाटलं, आता ती पदराआडून बाळाची गोधडी काढणार. कसलं काय! पदराआडून निघाली नुसती सुई आणि मेणबत्तीचा तुकडा. मी म्हटलं, "अक्का, आता तरी शिवशील ना?" तर म्हणाली, "नाई म्हनलं म्हंजे नाई. जबान फिरवाले मी काय मुकादम हाये? तू शीव." आणि अंगावरच्या शर्टाची बाही खांद्यापासून टर्रकन फाडून माझ्या मांडीवर टाकली. "हा वरचा तुकडा. बाकी तुह्या मायचं घे."

सव्वा महिना तिने माझा छळ मांडला. पोर निजली की मी शिवायला बसायचं आणि ती शेजारी. मी टाका लांब घातला की ती ब्लेडने सगळी ओळ उसवायची. "ह्याच्यातून तुह्या पोरीचं बोट अडकंन." कोपरा दुमडताना मी तो जाड ठेवला तर पुन्हा उसव. थर सरकला, पुन्हा उसव. उसवणं तेवढं हाताने, बाकी सगळं तोंडाने. गोधडीला तिने स्वतः एक टाका घातला नाही, सुईत दोरासुद्धा ओवून दिला नाही. शेवटची ओळ मध्यावर येऊन संपते तिथे गाठ आत कशी लपवायची हे मला काही केल्या जमेना, माझी बोटं भोकं पडून सुजली. मी वैतागून म्हटलं, तूच दे ना एवढी बांधून. तिने हात पाठीमागे नेऊन धरले. मी चार वेळा चुकले आणि पाचव्यांदा बांधली.

तिने गोधडी उचलली, उलटसुलट पाहिली, मऊ बाजू गालाला लावली. मग पाळण्यातलं अस्वलांचं दुपटं काढून तिथे ती घातली, पोरीला वर ठेवलं आणि तिच्यावर दुसरी कड ओढून घेतली. तिच्या शर्टाची बाही बरोबर पोरीच्या छातीवर आली. "वाकडीतिकडी हाये," अक्का म्हणाली, "पन तुही हाये."

माझी लेक नऊ वर्षांची असताना अक्का गेली. शेवटपर्यंत कामावर जात होती, आजारी पडली ती फक्त आठवडाभर. मी धुळ्याहून पोचले तेव्हा तिच्या अंगावर कोणी तरी नवी शाल टाकली होती, टॅग अजून तसाच. तिचा पुतण्या म्हणाला, चांगलं दिसायला हवं, वरच्या आळीतली माणसं येणार आहेत. मी ती शाल काढली, घडी करून त्याच्या हातात दिली. गल्लीतल्या बायकांनी तिचीच गोधडी आणली आणि आम्ही ती तिच्यावर घातली, कशी ते सांगायला नकोच. वरच्या आळीतली माणसं आली, पाहून गेली. मला तिची फार आठवण येते. भांडायला माणूस लागतं हो घरात, आणि तिच्यासारखं दुसरं मला मिळालेलं नाही.

लेकीची ती हातभर गोधडी मी दर वर्षी वाढवत गेले. चारी बाजूंनी एकेक पट्टी. आईने काम सोडलं तेव्हा तिचे शर्ट मी मागून आणले, त्यांच्याच पट्ट्या. मध्यभागी अक्काची बाही आणि ते माझे वाकडे टाके तसेच ठेवले. आता ती पलंगभर झालीय. सासूबाई शेवटच्या आजारपणात तीच मागायच्या, पण डाग आत करून पांघरायच्या. मी पाठ फिरवली की त्या तसं करायच्या, आणि मी आले की पुन्हा सरळ करायची. आमचं हे न बोलता शेवटपर्यंत चाललं.

गेल्या जूनमध्ये लेक शिकायला पुण्याला गेली. सामान बांधताना मी मुद्दाम गोधडीचं नाव काढलं नाही. म्हटलं, वसतिगृहात चार ठिकाणच्या मुली, नको वाटत असेल तर नको. तिच्या वयाची असताना मी काय दिवे लावले होते ते मला ठाऊक आहे. मी तिच्यासाठी दुकानातून एक छान रजईसुद्धा आणून ठेवली होती. ती गेल्यावर पाहिलं तर रजई पलंगावर, आणि गोधडी नाही.

चार दिवसांनी फोन आला. जेवण बेचव आहे, पाणी सकाळीच येतं, खोलीतली मुलगी बरी आहे, वगैरे. मग म्हणाली, "आई, तिने गोधडी पाहिली ना, पहिल्याच दिवशी. म्हणाली, ई, किती डाग आहेत गं, धूत नाही का तुम्ही?"

दप्तर पोटाशी धरून बसलेली मी मला दिसायला लागले. मी हळूच विचारलं, "मग? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बादली दिली तिच्या हातात," लेक म्हणाली. "म्हटलं, धुईसन पाह्य."